व्हर्नाचे चौदा कंदील

व्हर्ना पायबसच्या बैठकीच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा. समोर मोठा गोल आरसा, आणि आरशाभोवती तांब्याच्या रंगाच्या पाकळ्यांच्या सहा रांगा. जवळ जाऊन निरखलं की कळायचं, त्या पाकळ्या म्हणजे दांडे कापलेले प्लॅस्टिकचे चमचे आहेत.

ते चमचे तिच्या नवऱ्याच्या मयताचे होते. क्लॅरी लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. एका सकाळी ट्रकमध्ये चढता चढता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. दफनानंतर हॉलमध्ये चहाला माणसं येणार म्हणून मीच गावातल्या थुईच्या, सगळं दोन डॉलरला मिळणाऱ्या दुकानातून चमच्यांची पाकिटं आणली होती आणि नको तेवढी जास्त आणली होती. उरलेली पाकिटं व्हर्नाच्या ओट्यावर तीन आठवडे पडून राहिली. एक दिवस मी टपाल घेऊन गेले, तर ही बाई जमिनीवर फतकल मारून चमच्यांचे दांडे कापत बसलेली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"काय चाललंय गं हे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "हात रिकामे राहिले की क्लॅरी समोर येतो. म्हणून."

मी लिनेट. पिअर्सन्स बे गावात बावीस वर्षं टपाल वाटलं आणि त्यातली बरीचशी वर्षं व्हर्नाच्या शेजारच्या घरात राहून काढली. नदीच्या वळणावर वसलेलं आमचं हे गाव. सफरचंदाच्या बागा, एक हॉल, एक शाळा, एक थुईचं दुकान. व्हर्नानं चाळीस वर्षं सफरचंदं पेट्यांत भरायच्या शेडमध्ये काम केलं होतं, त्यामुळे तिच्या बोटांना जरा म्हणून विसावा माहीत नव्हता. त्या आरशानंतर ती थांबलीच नाही. केक ठेवायच्या कागदी जाळ्यांचं दिव्याचं झाकण केलं, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची घड्याळाची चौकट केली, भांडी घासायच्या काथ्याचे पक्षी करून खिडकीत टांगले. थुई गल्ल्यावर तिची टोपली उपसत म्हणायची, "थांब, सांगू नकोस, याचं काय होणार ते मीच ओळखते." आणि तिला एकदाही ओळखता आलं नाही. गावातली टवाळ माणसं व्हर्नाला दोन डॉलरची राणी म्हणायची. ती ऐकून लाजायची, पण मला वाटतं, तिला ते आवडायचं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. व्हर्ना जन्माची भित्री. समोरून कुत्रा आला की रस्ता बदलायची. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून अन्न उतरायचं नाही. आगीचं तर विचारूच नका. एकोणीसशे सदुसष्टच्या वणव्यात ती सहा वर्षांची होती. आईनं तिला ओल्या घोंगडीत गुंडाळून ओढ्यात उभं केलं होतं आणि दोघींनी कमरेएवढ्या पाण्यातून आपलं घर जळताना पाहिलं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता, मान वर न करता.

मग अशा बाईनं कंदील का केले, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. त्याचं कारण गे ड्रान्सफील्ड. गे हॉलची कमिटी चालवते; आवाज असा की नदीपलीकडच्या गायी मान वळवून बघतात. मे महिन्यात, आमच्या दक्षिणेकडच्या मुलखात हिवाळा सुरू होतो तेव्हा, आगीच्या बंबाला नवा पंप घ्यायचा म्हणून हॉलमध्ये जत्रा भरवायची ठरली. बंबावर काम करणारी सगळी गावचीच माणसं, फुकट राबणारी, तेव्हा प्रत्येकानं काहीतरी द्यायचंच होतं.

"आरसे नकोत हं व्हर्ना," गे म्हणाली. "हिवाळा तोंडावर आलाय. मेणबत्तीचे कंदील कर. चटकन खपतील."

"मेणबत्तीचे? मी आपल्या उशा शिवल्या तर..."

"उशा कोण घेतं गं? कंदील. डझनभर तरी."

व्हर्नाला आगीची भीती होती, पण गेसारख्या बाईला नाही म्हणायची भीती त्याहून मोठी होती.

तिनं थुईकडून काचेच्या रुंद बरण्या आणल्या. बाहेरून सुतळी गुंडाळली, काठाला गरम गोंद सोडणाऱ्या ग्लू गननं निलगिरीची सुकी पानं आणि कागदी फुलं चिकटवली, सगळं चकचकीत दिसावं म्हणून वरून व्हार्निशचा फवारा मारला, आणि आत जाड मेणबत्ती बसवली. पहिला तयार झाला तेव्हा मागच्या पायरीवर ठेवून तिनं तो दहा मिनिटं लावून पाहिला. मीच शेजारी उभी होते. मध्ये ज्योत, भोवती पानांच्या सावल्या. इतका सुंदर दिसत होता की आम्ही दोघी बघतच राहिलो. तिनं चौदा केले. एक स्वतःला ठेवला, एक मला दिला, आणि बाकीचे बारा जत्रेत दुपारच्या आतच संपले.

लोकांनी ते कंदील नेऊन शोभेला ठेवले. दोन महिने कुणी पेटवले नाहीत. पेटवायची वेळच आली नव्हती.

ती आली जुलैमधल्या एका गुरुवारी. सकाळपासून रेडिओ बोंबलत होता: नैर्ऋत्येकडून वादळ येतंय, दुपारनंतर झाडं पडतील, वीज जाईल, दोन दिवस येणार नाही, मेणबत्त्या आणि पाणी भरून ठेवा. दुपारी दोनलाच आभाळ शिशासारखं झालं होतं. मी मागच्या अंगणातून शेगडीसाठी लाकडं आत नेत होते, तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून व्हर्ना आली. पायात एकच चप्पल. उजव्या हाताला ओला टॉवेल. तोंड असं पांढरं पडलेलं की मला वाटलं, हिलाही क्लॅरीसारखंच काही झालं.

"लिनेट, तुझा कंदील कुठाय?"

"शेल्फवर. का गं? हाताला काय झालं?"

"लावला नाहीस ना? लावला नाहीस ना तू?"

"नाही गं बाई! काय झालं ते सांगशील का?"

तिनं सांगितलं नाही. मला दंडाला धरून ओढतच तिच्या घरी नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर बरणीची दोन शकलं पडली होती. पडद्याचा खालचा अर्धा भाग नव्हता. भिंतीवर छतापर्यंत काळी जीभ उमटली होती आणि आरशाच्या खालच्या दोन रांगांतले चमचे वितळून एकमेकांत लोंबत होते. जमिनीवर पाणी आणि भिजत घातलेल्या चादरी. व्हर्नानं धुण्याचा टबच्या टब उचलून त्या आगीवर ओतला होता. भरलेला टब ती एरवी हलवूसुद्धा शकायची नाही.

"अंधारून आलं, वीज जाईल म्हणून आधीच लावून ठेवला," ती म्हणाली. "मी मागं कपडे चुबकत होते. आधी टक् असा आवाज झाला. मला वाटलं, खिडकीवर फांदी आपटली."

"किती वेळ जळत होता?"

"तासभर. मेणबत्ती खाली गेली, काच तापली. गोंद पातळ झाला गं. पानं सुटून आत पडली, ज्योतीवर. व्हार्निश मारलेली पानं, लिनेट. मी मारलेलं व्हार्निश."

"पण आपण लावून बघितला होता की."

"दहा मिनिटं!" ती किंचाळली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "दहा मिनिटं लावला होता आपण!"

बाहेर वाऱ्यानं कुणाचा तरी पत्रा खडखडवला. व्हर्ना खिडकीतून गावाकडे बघायला लागली, आणि काय होणार आहे ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. तासा-दोन तासांत वीज जाणार. घराघरांत काळोख. आणि बारा घरांतली माणसं म्हणणार, अरे, आपल्याकडे व्हर्नाचा कंदील आहे की.

मी तिचा हात थंड पाण्याच्या नळाखाली धरून ठेवला आणि ती डाव्या हातानं फोन लावत राहिली. कुणी कुठला कंदील नेला ते सगळं तिला तोंडपाठ होतं: निळ्या फितीचा कुणाकडे, शिंपल्यांचा कुणाकडे. "मी व्हर्ना. तो कंदील लावू नका. कधीच लावू नका. बाहेर टाकून द्या. नाही, मला वेड लागलेलं नाही." काही हसले. एकीनं विचारलं, मग दुसरा करून देशील का. सहाव्या फोनला वीज गेली, फ्रिज कण्हून बंद पडला, आणि व्हर्ना आणखी भराभर नंबर दाबायला लागली. आमच्याकडे वीज गेली की मोबाइलचा मनोरा जेमतेम अर्धा-पाऊण तास तग धरतो.

ड्रान्सफील्डांकडे गेच्या नवऱ्यानं, केलनं उचलला. "गे घोड्यांकडे गेलीय," तो म्हणाला. मागं वारा इतका होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "सांगतो तिला. सांगतो गं! किती घाबरतेस! आम्ही काय लहान पोरं आहोत?"

नऊ जणांशी बोलणं झालं आणि फोन मुका झाला. तिघं राहिली. टेकडीवरची शाळामास्तरीण टॅम्सिन. मेरल हेझेल. आणि खोऱ्याच्या टोकाला राहणारा म्हातारा एर्न टिबेट.

एर्नचं नाव घेताना व्हर्नानं फोन खाली ठेवला. एर्नची फुप्फुसं गेली होती. सगळं आयुष्य बागांत औषधं फवारण्यात गेलेलं. नाकात नळी घालून बसायचा. वीज असली की यंत्रावर, वीज गेली की ऑक्सिजनच्या सिलिंडरवर. आणि ऑक्सिजनशेजारी उघडी ज्योत म्हणजे भडकाच.

"बंबवाल्यांना सांगू," मी म्हटलं.

"नॉर्म आणि त्याची माणसं झाडं तोडायला वरच्या रस्त्याला गेलीत. सकाळीच गेलीत." बोलता बोलता कुंपणातून माझ्या घरात शिरून तिनं खुंटीवरचा माझाच कोट अंगात घातला. "तू गाडी काढ. नाहीतर मी चालत जाते."

मला खरं सांगायचं तर जायचं नव्हतं. टेकडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुनी झाडं आहेत आणि त्या दिवशी ती झाडं वेताच्या काठ्यांसारखी वाकत होती. पण व्हर्ना गाडीत जाऊन बसली होती. भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवलेला, ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. नीट ऐकलं तर ती बारा नावं म्हणत होती.

टॅम्सिनकडचं सोपं निघालं. तिनं कंदील न्हाणीघरात ठेवला होता, त्यात केसांच्या पिना होत्या. "मेणबत्ती पहिल्याच दिवशी काढली मी," ती म्हणाली. "माझी जुळी आहेत घरात, उंदरांसारखी सगळं कुरतडतात." तिनं आम्हाला थांबा, सूप घ्या म्हटलं. व्हर्नानं तिच्या हातातून कंदील जवळजवळ हिसकावून घेतला आणि पिना तशाच ओंजळीत ओतून परत दिल्या.

मेरलच्या घराला कुलूप होतं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "होबार्टला गेलीय गं, संध्याकाळच्या बसनं येणार!" म्हणजे मेरल अंधारात घरी पोचणार, चाचपडत आत जाणार, आणि पलंगाशेजारचा कंदील लावणार.

व्हर्ना घराला फेरी मारून आली. "मागच्या खिडकीची जाळी सैल आहे."

"व्हर्ना, तू कुणाच्या घरात घुसणार आहेस?"

"तू घुसतेस?"

माझा खुबा बदललेला. मी नुसती खाली वाकून तिला पाय ठेवायला ओंजळ केली. त्रेसष्ट वर्षांची बाई, एका हाताला धड धरता येत नाही, आणि न विचारता कुणाकडचा चमचा उचललेला नाही कधी. ती जाळी फाडून, पोटावर घसरत आत गेली. आत काहीतरी धाडकन पडलं. मग त्या रिकाम्या घरात तिचा घाबरलेला आवाज ऐकू आला, "मेरल, मी आहे, व्हर्ना! मी चोर नाही!" एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी हसू आलंच नाही. बाहेर येताना तिनं पाकिटाच्या पाठीवर चिठ्ठी लिहून ओट्यावर ठेवली: तुझा कंदील मी नेला आहे, कारण सांगते, जाळी भरून देईन.

एर्नच्या रस्त्याला लागलो तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि उजेड विझत चालला होता. रस्त्यावर सालींचा, फांद्यांचा खच. मी पहिल्या गिअरवर चालले होते. शेवटच्या वळणावर एक अख्खं झाड आडवं पडलेलं दिसलं.

"इथून किती?" व्हर्नानं विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"अर्धा मैल. व्हर्ना, ऐक, वरून फांद्या पडताहेत—"

ती उतरलीसुद्धा. त्या ओल्या खोडावर पोटानं चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. मी शिव्या घालत तिच्या मागं. मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर वरचा आवाज. समुद्र डोक्यावर आणून टांगल्यासारखा. मध्येच कुठेतरी कडाड् होई आणि आम्ही दोघी जागच्या जागी खिळत असू, मग पुन्हा पळत असू. एकदा व्हर्ना थांबून वळली आणि मला म्हणाली, "मला फार भीती वाटतेय गं." मी म्हटलं, मलाही. मग ती पुन्हा पुढे पळायला लागली.

वळण संपलं आणि एर्नचं घर दिसलं. खिडकीत नारिंगी उजेड होता. हलणारा.

व्हर्नाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला कशासारखा म्हणून सांगता येणार नाही. एर्नचा कुत्रा भुंकत अंगावर आला. ती त्याच्या अंगावरून गेली. कुत्रा बिचारा बाजूला झाला. दार खांद्यानं ढकलून ती आत शिरली आणि मी पायरीशी पोचते तोवर आतून काहीतरी फरशीवर विखुरल्याचा आवाज आला.

एर्न खुर्चीत बसला होता. नाकात नळी, शेजारी सिलिंडर. उजेड होता तो लाकडं जाळायच्या बंद शेगडीच्या काचेच्या दारातून येणारा, चांगला दहा हात लांबून. समोर टेबलावर कंदील, न लावलेला. आणि काड्यापेटी व्हर्नानं त्याच्या हातातून उडवली होती. काड्या सगळीकडे पसरल्या होत्या.

एर्ननं नाकातली नळी सारखी केली. दोन श्वासांच्या मध्ये एकेक शब्द टाकत म्हणाला, "वीस वर्षांत... कुठली बाई... एवढ्या घाईनं... माझ्या घरात शिरली नव्हती."

व्हर्ना खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"अगं पोरी, नळी काढून... लावणार होतो. एवढा... गाढव नाही मी."

"तुम्ही नळी काढून लावला असता आणि तासानं परत घातली असती," व्हर्ना हुंदके देत म्हणाली. "घातली असती की नाही?"

म्हाताऱ्यानं कंदील पुढे सरकवला.

आम्ही त्याला माझी बॅटरी दिली, शेगडीत लाकडं भरली, घोंगडी गुडघ्यांवर टाकली. परतीच्या वाटेवर वारा थोडा पडला होता. गाडीत मागच्या सीटवर तीन कंदील खुळखुळत होते आणि व्हर्ना काचेला डोकं टेकून बसली होती. "झाले सगळे," ती म्हणाली. "झाले ना गं?" मी म्हटलं, झाले.

ड्रान्सफील्डांच्या वळणावर आम्हाला बंबाचा लाल दिवा दिसला.

घराची पुढची काचेची खोली, जिथे गे कुंड्या ठेवायची, ती नव्हतीच. लाकडी खांबांतून वाफ निघत होती. नॉर्म आणि दोन माणसं पाईप गुंडाळत होती. गे रस्त्याच्या कडेला घोंगडी पांघरून उभी होती. भुवया नव्हत्या तिला. पुढचे केस आखडून पिवळट झाले होते. इतकी मोठी बाई, पण घोंगडीत अगदी लहान दिसत होती.

व्हर्ना गाडीतून उतरली. ती चालत गेच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी केलं हे."

"हो, तूच केलंस!" गेचा आवाज फाटला. "तुझ्या त्या भिकारड्या दोन डॉलरच्या बरण्या! दिवा लावून मी चहा घ्यायला आत गेले, आणि मागं वळते तर पडदा, कुंड्या, सगळं! जळून मेले असते मी! बाई, काय विकलंस तू लोकांना?"

केल दोघींच्या मध्ये आला. त्याच्या हातात अजून बोटीचा दोर होता. "तिनं फोन केला होता, गे."

"काय?"

"दुपारी. सांगितलं होतं, लावू नका. मी बोट बांधायला गेलो, आणि..." त्यानं हातातल्या दोराकडे पाहिलं. "विसरलो. साफ विसरलो."

गे त्याच्याकडे बघत राहिली, मग व्हर्नाकडे, मग त्या वाफाळणाऱ्या खांबांकडे. नॉर्मनं येऊन व्हर्नाचा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हिला आधी दवाखान्यात न्या."

हात महिन्याभरात भरला. बाकीचं भरायला वेळ लागला. व्हर्नानं घरातलं सगळं उतरवलं. आरसा, पक्षी, दिव्याची झाकणं, सगळं मागच्या पडवीत चादरीखाली. भिंतींवर नुसते खिळे राहिले. ती शेगडी पेटवायची नाही, थंडीत कोट घालून बसायची. सगळ्या विजेच्या वस्तूंची बटणं बंद. थंड पाव आणि डब्यातलं खायची. मी गरम सूप नेलं की आधी वास घ्यायची. सुपाचा नाही, माझ्या कपड्यांना धुराचा वास येतोय का ते बघायची. एकदा थुई स्वतः दुकान बंद करून आली. तासभर बसली, आणि जाताना म्हणाली, "तू येत नाहीस तर दुकानात सगळं नुसतं सामान वाटतं." व्हर्नानं मान हलवली. गेली मात्र नाही.

गावानं तिला दोष दिला का? थोडा दिला. मेरलनं नाही, मेरलनं तर ती चिठ्ठी चौकटीत लावली. पण हॉलमध्ये व्हर्ना आली की बायका क्षणभर गप्प व्हायच्या, आणि तेवढंही तिला पुरे व्हायचं. मग तिनं हॉलमध्ये जाणं सोडलं.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी गे तिच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होते. भुवया परत आल्या होत्या, जरा विरळ.

"खोली बांधून झालीय," गे म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "भिंतींना रंगही दिलाय. ओक्याबोक्या दिसतात. काहीतरी करून दे."

व्हर्ना खुर्चीत मागं सरकली. "माझ्याच्यानं नाही होणार."

"मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर. खोटं कशाला बोलू? पण तू उशा करते म्हणत होतीस आणि मी तुला कंदिलांच्या भरीला घातलं, तेही मला आठवतं. झोपताना आठवतं."

"मला भीती वाटते, गे."

"मग भीत भीत कर," गे म्हणाली. "मी तरी त्या खोलीत अजून नीट कुठे बसते?"

दुसऱ्या दिवशी व्हर्ना थुईच्या दुकानात गेली. भांड्यांच्या फळीपाशी इतका वेळ उभी राहिली की थुईनं तिला स्टूल आणून दिलं. शेवटी तिनं पत्र्याच्या छोट्या ताटल्या उचलल्या. घरी त्यांना भोकं पाडून, तारेनं ओवून, तिनं त्यांचा एक मोठा मासळीचा थवा केला, नदीतून वर चढणाऱ्या माशांसारखा. गोंदाचा एक थेंब नाही, फवारा नाही. तरी तिनं त्यातला एक मासा वेगळा काढून अंगणात विटांवर ठेवला, खाली मेणबत्ती लावली आणि समोर बागेच्या पाण्याची नळी हातात घेऊन बसली.

"अगं, तो पत्रा आहे," मी म्हटलं. "तो काय जळणार?"

"गप्प बस," ती म्हणाली. मेणबत्ती संपेपर्यंत, म्हणजे चांगले चार तास, ती हलली नाही. तेव्हापासून ती प्रत्येक वस्तू अशीच करते: एक द्यायला आणि एक जाळून बघायला.

मासे लावायला आम्ही तिघीच होतो. खिळे केल ठोकून गेला होता. थवा भिंतीवर चढला तेव्हा गे दोन पावलं मागं सरकली, डोकं तिरकं केलं आणि म्हणाली, "बरं दिसतंय." गेच्या तोंडून हे फार झालं. मग तिनं चहा आणला. व्हर्ना दाराजवळच्या खुर्चीत बसली, अंगात कोट तसाच, चपला पायांत.

नदीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि भिंतीवरच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणल्या. व्हर्ना ताडकन उभी राहिली. कपातला चहा बशीत सांडला.

"वारा आहे," गे म्हणाली. तिचा स्वतःचा हातही किटलीवर थांबला होता. "नुसता वारा आहे गं. बस."

व्हर्ना बसली.